शेजारच्या खाटेला दोन फेऱ्या, आमच्या वाट्याला छापील कागद

वाचकाचं पत्र:

"माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७१. उभी हयात यंत्रमागावर गेली. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. एका खासगी दवाखान्यात योजनेतून ऑपरेशन झालं. ते दोनदा पुढे ढकललं, आणि दोन्ही वेळा रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. आम्ही तिथे अकरा दिवस होतो. तेवढ्यात आहारतज्ज्ञ मॅडम आमच्याकडे एकदाच आल्या, पाच मिनिटं थांबल्या आणि शुगरच्या पेशंटचा छापील कागद देऊन गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे मात्र सकाळ-संध्याकाळ फेरी. तो दारूचा पेशंट, हाडं वर आलेली, कधीपासून धड जेवला नव्हता म्हणे, नाकात नळी. त्याच्या भावाने रोख पैसे भरले होते. आम्ही योजनेतले म्हणून असं झालं का?

पडायच्या आधी नानांचं वजन ६२ होतं, भरती करताना ६०, आणि परवा दाखवायला नेलं तेव्हा ५५ भरलं. उंची ५ फूट ५ इंच. कवळी नीट बसत नाही, त्यामुळे पडायच्या आधीपासूनच दोन भाकऱ्यांची सव्वा झाली होती, तीही कुस्करून. रिपोर्टात अल्ब्युमिन २.८ आलं म्हणून आम्ही प्रोटीन पावडरचा डबा आणलाय. कागदावर भात बंद, बटाटा बंद, शेंगदाणे बंद. मग त्यांनी खायचं काय?

– एक मुलगी, अशोक चौक, सोलापूर"

ताई,

पैशाच्या शंकेपासूनच सुरुवात करते, कारण ती मनात राहिली तर माझं पुढचं काही तुम्हाला पटायचं नाही. पेशंट भरती झाला की त्याच्या पोषणाची एक पहिली झटपट तपासणी होते, तिला आम्ही आहारतज्ज्ञ स्क्रीनिंग म्हणतो. बहुतेक ठिकाणी ती सिस्टरच करतात, पहिल्या चोवीस तासांत. त्या फॉर्मवर वजन, उंची, खाणं आणि आजार एवढंच विचारलेलं असतं. बिल कोण भरणार हा रकाना तिथे नसतो. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजात तर पेशंटचं जेवणही धरलेलं आहे. त्यामुळे 'योजनेतला आहे, त्याला आहार नाही' असं कुणी म्हणालंच, तर थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाच्या, टेबलावर जाऊन विचारायचं. पैसेवाल्याच्या खोलीत जरा जास्त रेंगाळणारी माणसं प्रत्येक धंद्यात असतात, आमच्यातही आहेत, ते मी नाकारणार नाही. पण शेजारच्या माणसाचं तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून सांगते, त्याच्या खिशात दमडी नसती तरी त्या वॉर्डात पहिला नंबर त्याचाच लागला असता. लागायलाच हवा होता.

ऐकायला उलटं वाटेल, पण बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घातलं तर तो दगावू शकतो. आपल्याकडे खंगलेला माणूस दिसला की दूध, तूप, अंडी, शिरा, जे हाताला लागेल ते पुढे करतात. माया असते त्यात. पण उपाशी शरीर चरबी जाळून कसंबसं चाललेलं असतं. त्यात अचानक भात-साखर आली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत खेचलं जातं. रक्तातली त्यांची पातळी कोसळली की हृदयाचा ठोका बिघडतो, श्वासाचे स्नायू दमतात. दारू पिणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्वाचा साठा आधीच खरवडून गेलेला असतो. उरलासुरला या नव्या अन्नाच्या पचनात संपला की मेंदूवर परिणाम होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेली माणसं पोटभर जेवल्यावर मेली, तेव्हापासून डॉक्टरमंडळी हे ओळखून आहेत. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

ज्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १६च्या खाली आहे, किंवा जो दहाहून जास्त दिवस जवळजवळ उपाशी आहे, अशा माणसासाठी ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २००६च्या सूचना आहेत. किलोमागे रोज जास्तीत जास्त १० कॅलरींपासून सुरुवात करायची आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत न्यायचं. ४० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ४०० कॅलरी, म्हणजे आपल्याकडच्या दोन मध्यम भाकऱ्यांच्या आसपास. सोबत ब-१ आणि रोज रक्ताची तपासणी. तेव्हा त्या मॅडम सकाळी रिपोर्ट बघून नळीतून किती सोडायचं ते ठरवत असणार, आणि संध्याकाळी पोटात किती राहिलं, जुलाब लागलेत का, हे बघायला येत असणार. तिथे एक फेरी चुकली तर माणूस हातचा जाऊ शकतो.

आता वॉर्डाचा हिशोब सांगते. सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यांत धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडूनही पेशंट येतात. खाटा भरलेल्या आणि आहारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे सकाळी वॉर्डात शिरताना कुणाकडे आधी जायचं हे ठरवावंच लागतं. नळीने किंवा शिरेतून पोषण चालू असलेले, आयसीयूतले, भाजलेले, लकव्यामुळे गिळता न येणारे आणि पाच दिवस पोटात काही न गेलेले, यांच्याकडे त्याच दिवशी जायचं. आयसीयूत तर शक्य असेल तिथे २४ ते ४८ तासांत नळीने अन्न सुरू करायचा दंडक आहे, म्हणून तिथला फोन आला की हातातलं काम टाकून पळावं लागतं. मग कॅन्सरवाले, वजन घटत चाललेले, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला लागलेले, डायलिसिसवाले. आणि सगळ्यात शेवटी, 'मॅडम, शुगरचा चार्ट द्या', 'कोलेस्टेरॉल वाढलंय, काय खाऊ?' म्हणणारे. त्यांचा प्रश्न खरा असतो, पण तो ओपीडीत आठवड्याने बसूनही सुटतो. गंमत अशी की वॉर्डात सगळ्यात जास्त हाका याच शेवटच्या गटातून येतात. ज्याला खरी गरज असते तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, काही मागत नाही.

तुमचे नाना या उतरंडीत कुठे बसत होते? इथे तुमच्या रागात तथ्य आहे, आणि ते आकड्यांनीच दाखवता येतं.

ब्रिटनमधून आलेली 'मस्ट' नावाची एक गुणपद्धत आहे, २००३ सालची, बऱ्याच दवाखान्यांत वापरतात. तीन गोष्टींना गुण. बीएमआय २०च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २०मध्ये असेल तर एक, त्याखाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांच्या आत असेल तर शून्य, ५ ते १० टक्के एक, १०च्या वर दोन. आणि तीव्र आजारामुळे पाचहून जास्त दिवस पोटात काही गेलं नसेल किंवा जायची शक्यता नसेल, तर आणखी दोन. बेरीज शून्य आली तर धोका कमी, एक आली तर लक्ष ठेवायचं, दोन किंवा जास्त आली तर आहारतज्ज्ञाला बोलवायचं.

भरतीच्या दिवशी नानांचं वजन ६०, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २२. वजन ६२वरून ६०, घट ३.२ टक्के. बेरीज शून्य. मॅडमच्या यादीत नाना खालच्या टोकाला गेले, शुगर आहे म्हणून कागद मिळाला, पाच मिनिटांत काम संपलं. त्या दिवसापुरतं बघितलं तर या पद्धतीप्रमाणे त्यांनी काही वावगं केलं नाही.

आता तीच बेरीज परवाच्या वजनाने करा. ५५ किलोला बीएमआय २०.२ येतो. अजूनही शून्य! कुणीही बघून म्हणेल, छान सडपातळ आहेत की. पण ६२तले ७ किलो गेले, म्हणजे ११.३ टक्के. दोन गुण. नाना आज जास्त धोक्याच्या गटात आहेत, आणि त्यांच्याकडे बघून ते कुणाला कळणारही नाही. आमच्याकडे ८५ किलोची बाई येते, ती दोन महिन्यांत दहा किलो उतरलेली असते आणि नातेवाईक म्हणतात, बरं झालं, जरा बारीक झाली. त्यातलं कितीतरी वजन स्नायूंचं गेलेलं असतं. म्हणून वजन किती आहे यापेक्षा ते किती दिवसांत किती घसरलं, ते आधी बघायचं.

दुसरी एक पद्धत युरोपातली आहे, 'एनआरएस २००२'. तिच्यात आधी चार सरळ प्रश्न येतात. बीएमआय २०.५च्या खाली आहे का, तीन महिन्यांत वजन घटलंय का, गेल्या आठवड्यात खाणं कमी झालंय का, आजार गंभीर आहे का. एकाचंही उत्तर 'हो' आलं की पुढचे गुण मोजायचे. खाणं नेहमीच्या निम्म्या ते पाऊण असेल तर एक गुण. खुब्याचं फ्रॅक्चर असेल तर एक, हे तर त्या तक्त्यात नाव घेऊन लिहिलंय. वय ७० किंवा जास्त असेल तर आणखी एक. तीन झाले की आहाराची योजना आखायलाच हवी. नानांचं वय ७१, हाड खुब्याचं, आणि दोन भाकऱ्यांची सव्वा झालेली. तीन गुण पहिल्याच दिवशी होत होते.

पण ते कधी? भाकरीचं कुणी विचारलं असतं तर. न विचारता दोनच.

खरी गाठ इथे आहे. सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसाला 'जेवण जातंय का?' असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं: 'जातंय की.' त्यातून विचारणारी पोरगी लेकीच्या वयाची, हातात पॅड, मागे डॉक्टरांचा राउंड. कवळी टोचते हे तिच्यापुढे कोण सांगणार? तुमच्या घरी तेलुगू बोलत असाल तर नाना मराठीत आणखी मोजकं बोलले असतील. शिवाय वॉर्डात आणखी एक गोष्ट सर्रास चालते. दवाखान्याचं ताट सोबतचा नातेवाईक जेवतो, पेशंट घरच्या डब्यातले दोन घास खातो, आणि नोंदीत 'पूर्ण आहार घेतला' असं पडतं. दोघांचंही पोट भरावं म्हणून केलेली सोय असते ती, पण आमची वही त्यामुळे खोटी पडते. म्हणून मी 'जेवलात का' हा प्रश्न पेशंटला विचारतच नाही. ताट कोण उचलतं ते शोधते आणि त्या माणसाला विचारते की उचलताना ताटात काय उरलं होतं. आमटी संपलेली आणि भाकरी तशीच असेल तर दात बघायचे. सगळंच निम्मं उरलं असेल तर मन, औषधं किंवा बद्धकोष्ठता. नानांचं ताट तुम्हीच उचलत होतात, ताई. तुम्हाला कुणी विचारलं नाही, ही तुमची पहिली रास्त तक्रार.

दुसरी त्याहून मोठी. दवाखान्यात राहणाऱ्या पेशंटचं स्क्रीनिंग दर आठवड्याला पुन्हा करायचं असतं. पहिल्या दिवशीचा शून्य हा त्या दिवसापुरता असतो. नाना अकरा दिवस होते, मध्ये ऑपरेशन झालं, दोनदा उपास घडले. सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा वजन व्हायला हवं होतं. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर मोजता येतो, तो २३.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बीएमआय २०च्या आत असण्याची शक्यता धरतात. त्याला शिंप्याची टेप पुरते.

आणि ते उपास. भूल द्यायच्या आधी साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. शुगर जुनी असेल, पोट रिकामं व्हायला वेळ लागत असेल, तर भूलतज्ज्ञ हे बदलतात आणि त्यांचंच ऐकायचं. पण 'उद्या ऑपरेशन' म्हणून रात्री आठपासून तोंड बंद, आणि दुपारी दोनला 'आज होत नाही' कळल्यावरही संध्याकाळपर्यंत कुणी ताट आणत नाही, हे मी पुष्कळदा बघितलंय. ऑपरेशन रद्द झाल्याचं कळताक्षणी सिस्टरांना विचारायचं, 'आता जेवायला देऊ का?' कुणाला राग आला तर येऊ दे.

अल्ब्युमिनबद्दल, म्हणजे रक्तातल्या एका प्रोटीनबद्दल, थोडक्यात. २.८ म्हणजे प्रोटीन कमी खाल्लं, असा अर्थ आता धरत नाहीत. हाड मोडणं, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, यांनी शरीरात दाह झाला की अल्ब्युमिन आपोआप खाली येतं, माणूस कितीही जेवत असला तरी. अमेरिकेतल्या 'अॅस्पेन' या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२०मध्ये हे स्पष्ट मांडलंय. आजार किती जोराचा आहे ते त्यातून कळतं. तेव्हा पावडर प्यायल्याने तो आकडा आठवड्यात वर येईल अशी वाट बघू नका. डबा आणलाच आहे तर फेकू नका. लेबलवर साखर किती आहे ते बघा आणि जेवण सोडून नव्हे, जेवणाच्या जोडीला द्या. संपल्यावर दुसरा आणायच्या आधी पुढचं वाचा.

आता तो छापील कागद. जो क्रम वॉर्डाला लागतो तोच एका माणसाच्या आजारांनाही लागतो. नानांना शुगर आहे, हाड जुळायचंय, जखम भरायचीय, आणि वजन घसरतंय. कागद लिहिणाऱ्याने फक्त शुगर बघितली. असले कागद कुठल्या तरी जाड्या, पन्नाशीतल्या, ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. ओट्स, ब्राऊन ब्रेड, सॅलड. अशोक चौकातल्या कवळीवाल्या माणसाने काकडी-गाजर चावायचं कसं, हा प्रश्न त्या कागदाला पडत नाही. आत्ता नानांचा पहिला नंबरचा प्रश्न आहे घटणारं वजन. शुगर दुसऱ्या नंबरवर. शुगर आवरायची ती औषधाने, ताट रिकामं करून नाही. महिना-दोन महिने ती थोडी वर राहिली आणि नाना पायावर उभे राहिले, तर मला ते चालेल, आणि तुमच्या डॉक्टरांनाही बहुधा चालेल. किती वर चालेल तो आकडा मात्र त्यांच्याकडूनच घ्या.

आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५५ किलोला ६६ ते ८२ ग्रॅम. कॅलरी किलोमागे ३०च्या आसपास, म्हणजे साडेसोळाशे. एक अट आहे. शुगर जुनी आहे, तेव्हा प्रोटीन वाढवायच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. किडनी कमजोर निघाली तर हे आकडे बदलतील.

किडनी ठीक असेल तर हे घरातच जमतं. दिवसभरात दोन अंडी, १२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६. दोन वाट्या घट्ट वरण किंवा पिठलं, १२ तरी. वाटीभर दही, ५. दोन मुठी शेंगदाणे, १०. ज्वारी-गहू-तांदूळ मिळून २०० ग्रॅम, साधारण २०. झाले पंचाहत्तर. नाना अंडी खात नसतील तर वरण आणि दूध वाढवा, घट्ट दह्याचा चक्का करा किंवा पनीर कुस्करून उपम्यात घाला.

शेंगदाणे बंद का केले, मला कळलेलं नाही. त्यांनी शुगर फारशी वाढत नाही. सोलापुरात राहून शेंगा चटणी बंद करणं हे तर माणसाची भूक मारायचं काम आहे. फक्त ती कवळीखाली टोचेल, म्हणून बारीक कुटून दह्यात कालवून द्या. तोंडाला चव आली की दोन घास जास्त जातात. कडक भाकरी सध्या विसरा. ताजी मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत भिजवून द्या. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात, वरून लसणाची फोडणी. उपासाला करतात ती शेंगदाण्याची आमटी तर नानांसाठीच केल्यासारखी आहे, मऊ, घट्ट, पोटभरीची, तिच्यात अर्धी वाटी भात कालवला तर बिघडत नाही. नुसतं वरणाचं पाणी आणि पेज देत असाल तर थांबवा, त्याने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. तीन मोठ्या जेवणांचा हट्टही नको. सहा वेळा थोडं-थोडं, आणि शक्य तर घरातलं कुणीतरी सोबत बसून.

कवळी मात्र याच आठवड्यात दाखवा. वजन उतरलं की हिरड्या आवळतात आणि जी कवळी थोडी सैल होती ती पार निसटायला लागते. नवी करण्याऐवजी आतून अस्तर भरूनही काम होतं, दाताच्या डॉक्टरांना तसं विचारा. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे हाडाच्या डॉक्टरांना विचारायचं राहू देऊ नका. न्हाणीत पडून खुबा मोडतो तेव्हा ते बघावंच लागतं.

एक गोष्ट तातडीची आहे, ती आजच करा. नाना निम्मं जेवतायत आणि शुगरच्या गोळ्या पूर्वीच्याच मापाने चालू असतील, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं, सकाळी उठवलं तरी न उठणं, यातलं काही दिसलं आणि ते शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ला फोन लावा. आणि असं काही व्हायची वाट न बघता गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, सांगा की जेवण एवढं कमी झालंय, माप बदलायचं का?

पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा आहारतज्ज्ञांची वेळ मागून घ्या आणि एका चिठ्ठीवर एवढं लिहून न्या: ६२, ६०, ५५, प्रत्येक आकड्यापुढे तारीख. आधीच्या तीन दिवसांत ताटात काय वाढलं आणि काय उरलं. कवळीचं दुखणं. चालू औषधांची नावं. 'नाना खातच नाहीत' असं सांगितलं तर त्या मान डोलावतील आणि पुन्हा तोच कागद देतील. 'चार महिन्यांत ११ टक्के वजन गेलंय' म्हणालात तर पेन खाली ठेवून तुमच्याकडे बघतील. महिन्यांचा आकडा तुमच्या तारखांप्रमाणे घाला. त्याच पाच मिनिटांत त्या तुमच्यासाठी काय करू शकतात ते मग बघा.

घरी दर रविवारी एकाच काट्यावर, सकाळी, त्याच कपड्यांत वजन घ्या. वॉकर धरून उभं राहणं कठीण असेल तर न मोडलेल्या पायाची पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप लावा. वयस्कर माणसांत ३१ सेंटिमीटरच्या खाली गेलेली पोटरी स्नायू उतरल्याची खूण मानतात. पहिल्या दोन आठवड्यांत वजन वाढलं नाही तरी काळजी करू नका, ५५वर थांबलं तरी पुष्कळ. ५४ दिसलं तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता नानांना घेऊन जा.